उसना गाळ

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन उरकून आत्या कामावर परतली, तेव्हा फाटकापाशीच तिला वास आला. कापड रंगवण्याच्या कारखान्यात वासांना तोटा नसतो. पण हा वास त्यांतला नव्हता. कुजलेल्या अंड्यांचा होता. तिनं जेवणाचा डबा पहारेकऱ्याच्या खिडकीत ठेवला आणि ऑफिसात न जाता ती सरळ मागच्या अंगाला निघाली.

मागच्या अंगाला सांडपाणी साफ व्हायचं. कापड रंगवून, धुऊन उरलेलं पाणी आधी एका हौदात निवायचं आणि मग मोठ्या गोल टाकीत यायचं. टाकीच्या तळातून सतत हवा सोडलेली असे आणि त्या हवेवर तपकिरी गाळ घुसळत राही. गाळ म्हणजे खरं तर एकमेकांना धरून राहिलेले कोट्यवधी सूक्ष्मजीव. रंगाच्या पाण्यातली घाण हे त्यांचं जेवण. ते पोटभर जेवले की पाणी साफ होऊन ओढ्यात सोडता येई. त्यांना जगवायचं काम कित्येक वर्षं आत्याकडे होतं. कारखाना तिच्या थोरल्या भावाचा, दादाचा. घरात विज्ञान शिकलेली ती एकटीच, म्हणून टाकी तिच्या गळ्यात पडली. दादाचा मुलगा तिला आत्या म्हणे, म्हणून हळूहळू सगळा कारखानाच तिला आत्या म्हणू लागला. साठीला टेकलेला बॉयलरवालासुद्धा.

टाकीवर पांढरा फेस दाटला होता आणि त्याखालचं पाणी राखाडी झालं होतं. आत्यानं थेंबभर पाणी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. एरवी इथे देठावर उभे असलेले घंटेच्या आकाराचे जीव दिसत. जराशा धक्क्यानं ते देठ स्प्रिंगसारखे आखडून घेत. त्यांना बघायला तिला आवडायचं. आज नुसता कचरा दिसत होता. काहीच हलत नव्हतं. तिनं दुसरा थेंब घेतला, मग तिसरा. मग सूक्ष्मदर्शकावर कापड टाकलं आणि स्टुलावर बसून राहिली.

भाचा आला. नेहमी घाईत असणारा मुलगा आज पायऱ्यांवर रेंगाळत होता.

"आत्या, मी तुला फोन करणारच होतो."

"केला नाहीस."

"आजीचा डोळा…"

"आजीचा डोळा ठीक आहे. घरभर जळमटं दिसायला लागलीत तिला, माझा उद्धार चाललाय. इकडे काय झालं ते सांग."

भाच्यानं सांगितलं. त्यांचं जवळजवळ सगळं कापड एकच मोठी कंपनी घेत असे. तिनं यंदा आपल्या सगळ्या पुरवठादारांना कळवलं होतं की प्रत्येक किलो कापडामागे लागणारं पाणी एक तृतीयांशानं कमी करा. भाच्यानं ते मनावर घेतलं होतं. रंगलेलं कापड तीन पाण्यांत धुतात. त्यातलं शेवटचं पाणी जवळजवळ स्वच्छच असतं. ते फेकायचं नाही, पुढच्या खेपेला पहिलं पाणी म्हणून वापरायचं. योजना चांगली होती. आत्यानंच आकडे तपासून दिले होते आणि दर महिन्याला दोन मशिनं बदलायची असं दोघांचं ठरलं होतं.

"मग?"

"शनिवारी देखभालीसाठी सगळी मशिनं उघडली होती. पाइप आलेले, फिटर हजर. म्हटलं, उघडलेली मशिनं बंद करायची आणि महिन्यानं परत उघडायची, हे कशाला? सगळी एकदमच बदलून टाकली."

"सगळी."

"पाणी खरंच एक तृतीयांश वाचलं, आत्या. मीटर बघ."

आत्यानं मीटर बघितला नाही. रंग कापडात मुरावा म्हणून रंगाच्या पाण्यात पोत्यांनी मीठ घालतात. कापड तेवढंच, रंग तेवढाच, मीठही तेवढंच. पाणी मात्र कमी. म्हणजे जी मूठ आधी भरल्या बादलीत पडायची ती आता उण्या बादलीत पडत होती. सहा महिन्यांत वाढवलं असतं तर जिवांनी ते सोसलं असतं. त्यांच्या पिढ्या तासांत मोजतात, शिकायला त्यांना वेळ लागत नाही. पण एका रात्रीत इतकं खारट पाणी अंगावर आल्यावर ते काय करणार? अंगातलं पाणी ओढलं जाऊन आक्रसून मेले.

"मला विचारायचं," ती म्हणाली.

"तू दवाखान्यात होतीस."

मुलगा खोटं बोलत नव्हता आणि आळशीही नव्हता. तो आळशी असता तर टाकी जिवंत राहिली असती, असं तिच्या मनात आलं; पण ते तिनं तोंडावर येऊ दिलं नाही.

तेवढ्यात दादा आला. दादा टाकीकडे सहसा फिरकत नसे. आला की नाकाला रुमाल लावूनच उभा राही.

"किडे मेले म्हणे."

"मेले."

"मग नवे आण. शुक्रवारी त्या कंपनीची तपासनीस येतेय. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नमुना घेणार."

"नवे काय दुकानात मिळतात, दादा?"

"नसतील मिळत तर शेवटच्या खड्ड्यावर, पाणी ओढ्यात जातं तिथे, बोअरच्या पाण्याचा व्हॉल्व्ह आहे. तो कशाला बसवलाय?"

"आग लागली तर विझवायला."

"मग लागलीच आहे की."

भाचा हसला आणि लगेच गप्प झाला. बोअरचं चांगलं पाणी घाण पाण्यात सोडलं की दर लिटरमागची घाण कमी दिसते, हे तिघांनाही ठाऊक होतं. घाण तेवढीच राहते. आकडा तेवढा पास होतो. आणि धुलाईत जे पाणी वाचवलं तेच मागच्या दारानं ओतायचं. बोअरच्या त्या नळाला मीटरही नव्हता.

"शाश्वत पुरवठा साखळी," दादा भाच्याच्या ऑफिसातल्या फलकावरचे शब्द सावकाश उच्चारत म्हणाला. "मी तेव्हाच म्हटलं होतं. साखळी म्हटली की एका टोकाला कोणी तरी बांधलेलं असणारच. चिमे, शुक्रवारच्या आत काय करायचं ते कर. नाही तर मी करीन."

लहानपणीचं हे नाव तो फक्त अडला की काढायचा.

त्या वसाहतीत रंगकामाचे बरेच कारखाने होते आणि एकमेकांच्या गिऱ्हाइकांवर सगळ्यांचे डोळे असत. पण गाळाच्या बाबतीत त्यांची एक रीत होती, कोणी घालून दिली ते कुणाला आठवत नव्हतं. ज्याची टाकी मेली त्यानं स्वतः यायचं, सोबत काचेची उभी बरणी आणायची. देणाऱ्यानं आपल्या टाकीतलं पाणी त्या बरणीत भरायचं, आणि अर्धा तास दोघांनी बरणीसमोर बसायचं. निरोगी गाळ तेवढ्या वेळात खाली बसतो आणि वरचं पाणी निवळतं. बसला तर टँकर भरून न्यायचा. पैसे द्यायचे नाहीत, आपली टाकी सावरली की कुणी मागेल त्याला द्यायचं. नाही म्हणायचं नाही. मालक एकमेकांवर कोर्टात गेलेले असतानाही गाळ दिला-घेतला गेल्याचं आत्याला माहीत होतं.

दुपारी ती बरणी घेऊन शेजारच्या कारखान्यात गेली. तिथला ऑपरेटर फाटकातच भेटला. त्याच्याही हातात बरणी होती.

"अहो, मी तुमच्याकडेच निघालो होतो," तो म्हणाला.

दोघं एकमेकांच्या बरण्यांकडे बघत राहिले.

"तुम्हालाही एक तृतीयांश?" आत्यानं विचारलं.

"आम्हालाही. साहेब म्हणाले, शेजारच्यांनी एका दिवसात केलं, तुम्हाला महिना कशाला हवा?"

हे ऐकून तिला भाच्याचा राग आला, मग हसू आलं, आणि शेवटी नुसता थकवा राहिला. पुढच्या गल्लीतल्या कारखान्यातही तीच कथा. एकाच कंपनीचं पत्र, एकच मुदत, आणि सगळ्यांच्या टाक्या एकाच आठवड्यात आजारी. ज्यांच्याकडे मागायचं तेच मागायला निघालेले.

जिवंत टाकी असलीच तर ती एकाच ठिकाणी असणार होती, आणि तिथे जायला तिचे पाय उचलत नव्हते.

रस्त्यापलीकडचे काका म्हणजे तिच्या वडिलांचे जुने दोस्त. त्याच कंपनीचं काम आधी काकांकडे असे. पाणी फार वापरतात म्हणून गेल्या वर्षी कंपनीनं त्यांना पुरवठादारांच्या यादीतून काढलं आणि ते काम दादाला मिळालं. तेव्हापासून दोन्ही घरांचं येणंजाणं बंद होतं. यादीतून काढल्यामुळे काकांना पत्र आलं नाही. पत्र आलं नाही म्हणून त्यांनी पाणी कमी केलं नाही. त्यांचे जीव सुखरूप असणार, हे कळायला सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती.

काका टाकीच्या कठड्याला टेकून शेंगदाणे खात होते. पोट सुटलेलं, चष्म्याला दोरी. तिच्या हातातली बरणी त्यांनी आधी पाहिली आणि तोंड नंतर.

"ये. तुझा भाऊ नाही आला?"

"तो कशाला येईल, काका?"

"तेही खरंच. आला असता तर मीच घाबरलो असतो."

त्यांनी स्वतः बरणी भरली आणि कठड्यावर ठेवली. दोघं समोर बसली. पाणी घट्ट तपकिरी होतं आणि त्याला पहिल्या नांगरटीच्या मातीचा वास होता. थोड्या वेळात बरणीच्या गळ्याशी बोटभर पाणी निवळलं. खाली गाळाचे कापसासारखे पुंजके सावकाश एकमेकांवर उतरू लागले.

"बसतोय," आत्या म्हणाली.

"बसणारच. माझे जीव खाऊनपिऊन सुखी आहेत."

"सुखी आहेत कारण तुम्ही पाणी उधळता. बोअर कुठवर गेलंय तुमचं?"

"खाली."

"ते कळलं. किती खाली?"

"गेल्या वर्षी होतं त्याच्या दुप्पट," काका म्हणाले. शेंगदाण्याची सालं त्यांनी फुंकून उडवली. "तुझा भाचा जे करतोय ते बरोबरच आहे गं. मी मूर्ख नाही. पण मला वर्षभराची मुदत हवी होती, आणि त्यांच्याकडे माझ्यासाठी तिमाहीच होती. काढून टाकलं. एकानं काढलं की बाकीचे विचारतात, का काढलं? माझा रंग चांगला, माल वेळेवर. तरी जुनी बारीक गिऱ्हाइकं सोडली तर दारात कोणी उभं राहत नाही."

बरणीत गाळाची रेघ अर्ध्यापर्यंत उतरली होती.

"गाळ ने," काका म्हणाले. "रीत आहे, मी नाही म्हणणार नाही. पण एक मागतो. ती बाई आली की तिला सांग, हा गाळ कोणाकडचा आहे. बाकी माझी रदबदली नको. एवढंच सांग."

"काका, यादीत नसलेल्याकडून काही घेतलं तर आमचं नाव जाईल."

"माहीत आहे. म्हणून तर मागतोय. फुकटचं असतं तर तुझ्या भावाकडेच मागितलं असतं."

वरचं पाणी आता इतकं निवळलं होतं की पलीकडची भिंत दिसत होती. आत्यानं बरणीवर हात ठेवला. काचेला अजून ऊब होती.

"सांगीन," ती म्हणाली.

टँकर आला. काकांचा गाळ मोठ्या टाकीत गेला. पण यापुढेही खारंच पाणी येत राहिलं असतं तर तोही मेला असता. सगळी मशिनं पुन्हा जुन्या तीन पाण्यांवर आणायची आणि मग महिन्याला दोन, असं सावकाश जायचं, एवढाच मार्ग होता. दादा ऐकायला तयार नव्हता. तपासनीस येणार आणि पाण्याचा आकडाच दाखवायचा नाही, हे त्याच्या गळी उतरेना. शेवटी भाच्यानंच फिटरना बोलावलं. स्वतः बसवलेले पाइप तो हातात पाना घेऊन स्वतः काढत होता. फिटर आपसात म्हणत होते, "काढायचे तर लावले कशाला, आणि लावायचे तर काढता कशाला?"

जेवणाच्या सुट्टीत आत्यानं दादाला काकांची अट सांगितली. दादाचा घास हातातच राहिला.

"तू हो म्हणालीस?"

"हो."

"अगं, नियम वाचलास का? यादीबाहेरच्या माणसाकडून साखळीत काहीही येता कामा नये."

"सूत, रंग, बटणं, खोकी. गाळ कुठे लिहिलाय?"

"काहीही म्हणजे काहीही. तो म्हातारा वर्षभर याच संधीची वाट बघत होता. तू बरणी घेऊन गेलीस आणि आपल्या गळ्याला दोर लावून आलीस."

"त्यांच्या गाळावर आपली टाकी चालणार आहे, दादा."

"चालू दे. आभार मान, पेढे दे, काय हवं ते कर. तोंड तेवढं उघडू नकोस. दुसऱ्या पाळीच्या माणसांना घरी बसवायची वेळ आणू नकोस माझ्यावर."

दुसऱ्या पाळीचं नाव निघालं की आत्याचं बोलणं खुंटे. त्यातली निम्मी माणसं तिच्या समोर कामाला लागली होती. दादा हे पुढे करून आपलं काम साधतो असं तिला वाटे, आणि तो खरंच त्यांच्यासाठी रात्र रात्र जागतो हेही तिला ठाऊक होतं. दोन्ही खरं असल्यामुळे त्याच्याशी भांडणं कठीण जाई.

शुक्रवारी सकाळी टाकीवरचा फेस उतरला होता. वास गेला नव्हता, पण सौम्य झाला होता. सूक्ष्मदर्शकाखाली तिला एक घंटा दिसली. एकच. काचेवर टिचकी मारली तर देठ आखडला. तिनं भाच्याला बोलावून दाखवलं. त्यानं बराच वेळ बघितलं.

"एवढंसं?" तो म्हणाला.

"एवढंसंच असतं ते."

मग ती शेवटच्या खड्ड्यापाशी गेली आणि सवयीनं पाण्यात हात घातला. पाणी गार होतं. ती तशीच वाकून राहिली. रंगाच्या हंड्यांतून आलेलं पाणी सगळीकडून फिरून इथे पोचलं तरी कोमटच असतं. वर व्हॉल्व्हपाशी दादा उभा होता, रुमाल न लावता.

"राहू दे," तो म्हणाला. "अर्धा दिवस. ती गेली की बंद करू."

"दादा."

"चिमे, मी हात जोडतो."

तो खरंच जोडतो की काय म्हणून तिनं घाईनं व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवला. चाक जड होतं. दादानं तिला अडवलं नाही आणि मदतही केली नाही. व्हॉल्व्ह पूर्ण बंद होईपर्यंत तिला धाप लागली. तिला वाटलं, आता तो काही तरी बोलेल. तो वळला आणि ऑफिसकडे गेला. त्याची चाल वडिलांसारखी झाली होती. हे तिच्या आजच लक्षात आलं.

तपासनीस दुपारी आली. तिशीतली, पाठीवर जड पिशवी, बुटांना तीन प्रकारचा चिखल. खुर्ची दिली तर ती थकून डोळे मिटूनच बसली. मग उठून खड्ड्यापाशी आली, दोरीनं नमुन्याची बाटली सोडली आणि आधी तापमापी बुडवली. तापमापीकडे तिनं दोनदा पाहिलं.

"तेहतीस," ती म्हणाली. "कोमट आहे."

"असतंच," आत्या म्हणाली.

"असतं. पण सकाळपासून मला ते दिसलं नव्हतं. तीन कारखाने झाले. सगळीकडे पाणी झऱ्यासारखं गार."

तिच्याबरोबर आलेला दादा आकाशाकडे बघू लागला. भाचा बुटाच्या टोकानं माती उकरत होता.

तपासनिसानं पाणी छोट्या कुपीत घालून पिशवीतून काढलेल्या चिमुकल्या भट्टीत तापायला लावलं. घाणीचा आकडा कळायला दोन तास जाणार होते. तेवढ्या वेळात आत्यानं तिला सगळं सांगितलं. मशिनं एकदम कशी बदलली, जीव कसे मेले, आता तीन पाण्यांवर परत आलोय आणि म्हणून वाचवलेलं पाणी सध्या वाचत नाही. दादा मध्ये मध्ये खोकत होता. शेवटी ती म्हणाली, "टाकीतला गाळ उसना आहे. रस्त्यापलीकडच्या कारखान्याचा. तुमच्या कंपनीनं गेल्या वर्षी त्यांना यादीतून काढलं. या वसाहतीत जिवंत गाळ फक्त त्यांच्याकडे उरला होता."

खोकला थांबला. तपासनिसानं लिहिता लिहिता मान वर केली.

"ते यादीत नाहीत."

"म्हणून तर सांगतेय."

"यादीबाहेरून काही आलं की मला नोंदवावं लागतं."

"नोंदवा. गाळ त्यांचा आहे हे सांगायचं कबूल केलं होतं मी."

"त्यांचं पाणी पास होतं का?"

"होतं. पण ते खूप पाणी वापरतात, म्हणूनही होतं. तेही लिहा." आत्या थांबली. "आणि एक बघता आलं तर बघा. तुम्ही घाण लिटरमागे मोजता. पाणी कमी केलं की लिटरमागचा आकडा वाढणारच, मग माणूस एक तर पाणी वाचवायचं सोडतो किंवा व्हॉल्व्ह उघडतो. किलो कापडामागे मोजलं तर दोन्हींची गरज पडणार नाही."

"हे मी दोनदा वर कळवलंय," तपासनीस म्हणाली. तिच्या आवाजात तक्रारही उरली नव्हती. "पाण्याचं खातं वेगळं आहे आणि घाणीचं वेगळं. दोघांचे साहेब वेगवेगळ्या मजल्यांवर बसतात."

आकडा आला. मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. चार दिवसांपूर्वीच्या मानानं तो बराच चांगला होता, पण ते लिहायला तिच्या तक्त्यात कुठे जागा नव्हती.

"नापास," ती हलक्या आवाजात म्हणाली. "सहा आठवड्यांनी पुन्हा नमुना घेईन. तोवर नव्या ऑर्डर थांबतील. उसन्या गाळाचं काय करायचं ते वरचे ठरवतील. मी माझ्याकडून 'हानी नाही' असं लिहिते."

"आणि सकाळचे तिघं?" भाच्यानं विचारलं.

"पास."

"तुम्हाला माहीत असून?"

"पाणी गार होतं म्हणून नापास, असं कुठे लिहू? त्यांचा आकडा मर्यादेत होता. तुमचा नाही." तिनं पिशवी पाठीवर चढवली. फाटकापर्यंत आत्या सोबत गेली. तिथे तपासनीस क्षणभर थांबली. "रस्त्यापलीकडे म्हणजे हे निळं फाटक का?"

"हो."

"यादीबाहेरच्यांकडे जायला मला परवानगी नाही," ती म्हणाली, आणि निळ्या फाटकाकडे बघत गाडीत बसली.

काका कुंपणापाशी उभेच होते.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

"लिहून घेतलं. येणार नाहीत बहुतेक."

काकांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. "तुमचं काय झालं?"

"सहा आठवडे नव्या ऑर्डर बंद."

"अरेरे," काका म्हणाले, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं, हे तिला त्यांच्या हाताकडे बघून कळलं. शेंगदाण्याची पुडी त्यांनी तिच्यापुढे केली होती. तिनं चार दाणे घेतले.

दादा ओरडला नाही. ओरडला असता तर सोपं गेलं असतं. ऑफिसात तो टेबलावर दोन्ही तळवे पसरून बसला होता.

"दुसरी पाळी बंद," तो म्हणाला. "पहिल्या पाळीला हातातलं काम पुरेल. दुसऱ्या पाळीला काय सांगू, आत्यानं व्हॉल्व्ह बंद केला म्हणून?"

"मी सांगते."

"तू नको. मीच सांगतो. निदान शिव्या तरी मलाच बसतील."

"दादा, आणखी एक आहे," आत्या म्हणाली. हे आत्ता बोलायला नको होतं, पण थांबून चालणार नव्हतं. "पाळी बंद झाली की टाकीत येणारं पाणी निम्मं होईल. जिवांना खायला पुरणार नाही. पुन्हा मरतील. त्यांना बाहेरून काही तरी घालावं लागेल. गोदामात सुताला लावायच्या खळीची, म्हणजे स्टार्चची, पोती आहेत, ती चालतील. रोज थोडी थोडी, पाण्यात कालवून."

दादानं तिच्याकडे बघितलं. "म्हणजे माणसांना काम नाही, आणि किड्यांना जेवण."

"सहा आठवड्यांनी टाकी मेलेली असली तर माणसांना कायमचंच काम नाही."

"हेच मी त्यांना सांगायचं?"

दादा उठला आणि खाली गेला. वरच्या खिडकीतून तिला अंगण दिसत होतं. दुसऱ्या पाळीची माणसं डबे हातात घेऊन उभी होती. दादाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. तो बोलला तेवढा वेळ कोणी हललं नाही. मग एकेक जण फाटकाकडे निघाला. शिव्या कोणी दिल्या नाहीत. बॉयलरवाला तेवढा वर खिडकीकडे बघत राहिला.

आत्या मागच्या अंगाला आली. खळीचं पहिलं पोतं तिनं गोदामातून ओढत आणलं होतं आणि टाकीच्या पायऱ्यांशी ते अडलं होतं. दुसऱ्या पाळीचा मुकादम, ज्याला सगळे लांबू म्हणत, तिथे आला. डबा त्याच्या काखेत होता.

"आत्या," तो म्हणाला, "तुमच्या किड्यांना विचारा जरा, त्यांच्यात एखादी जागा आहे का. राहायचं, खायचं, हवासुद्धा खालून मिळते."

ती पोत्यावर बसली. त्याच्या तोंडाकडे बघायचं तिनं टाळलं नाही. त्याला राग आला होता आणि झोपही आली होती.

"आहे जागा," ती म्हणाली. "रोज पोती वर चढवायची, खळ कालवायची, दर दोन तासांनी बरणी भरून बघायची. माझ्यानं एकटीनं होणार नाही. दोघं लागतील."

"पगार कोण देणार? किडे?"

"दादाला विचारते."

"विचारू नका," लांबू म्हणाला. त्यानं डबा कठड्यावर ठेवला आणि बाह्या वर सारल्या. "आज तुमचं कोणी ऐकत नाहीये. त्यांना सांगा नुसतं, दोघं ठेवलेत म्हणून."

त्यानं पोत्याचं एक टोक धरलं आणि ती उठायची वाट बघत उभा राहिला. आत्याला उठायला थोडा वेळ लागला. मग तिनं दुसरं टोक धरलं, आणि दोघं एकेक पायरी चढू लागली.